कोंबड्या फणसावर का बसू लागल्या? परसातल्या खुराड्यातील लाल माइट या रक्त पिणाऱ्या बारीक किड्याचे एक प्रकरण

(कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव दिलेले नाही आणि काही तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडचे एक घर. जांभ्या चिऱ्यांचे, कौलारू, पुढे पडवी. पडवीच्या एका भिंतीला लागूनच खुराडे: तीन बाजूंना बिनगिलाव्याचे चिरे, चौथी बाजू म्हणजे घराचीच भिंत, वर जुन्या फळ्या आणि त्यावर पत्रा. घरात काकी, त्यांच्या सासूबाई, मुलगा आणि सून. कोंबड्या तीसेक, निम्म्या गावठी आणि निम्म्या गिरिराज-ग्रामप्रिया या सुधारित जातींच्या. कोंबड्या काकींच्या, अंड्यांचे पैसेही त्यांचेच, आणि ते बचत गटाच्या हप्त्यात जायचे. पुढे प्रत्येक वळणावर 'हा खर्च कोंबड्यांवर करायचा का' असा प्रश्न उभा राहिला, तो यामुळे.

एरवी गटारीच्या आधी या घरचे आठ-दहा कोंबडे विकले जातात आणि श्रावणात खुराडे मोकळे होते. त्या वर्षी मुलाने कोंबडे ठेवून घेतले. गौरीच्या तिखट्या सणाला भाव जास्त मिळेल, असा त्याचा हिशेब होता आणि तो चुकीचा नव्हता. पण त्यामुळे ऐन पावसात खुराड्यात दाटी झाली, आणि झड लागली की कोंबड्या दिवसाही आतच असायच्या.

आणखी एक गोष्ट तेव्हा कुणाला महत्त्वाची वाटली नव्हती. जूनमध्ये मुलाने बंद पडलेल्या एका पोल्ट्री शेडमधून अंडी घालण्याचे लाकडी खोके आणि बसायच्या दांड्या स्वस्तात आणल्या होत्या.

अडचण

पहिली तक्रार आजाराची नव्हतीच. "कोंबड्या सांजच्या आत शिरतच नायत हो," एवढेच काकींचे म्हणणे. कोंबड्या दारापर्यंत यायच्या, मान आत घालायच्या आणि मागे फिरायच्या. मग एकेक करून समोरच्या फणसावर चढू लागल्या. कोकणात असे झाले की पहिला संशय सापावर जातो. मुलाने दुपारी फळ्या उचलून, काठी घालून सगळे कोपरे पाहिले. साप नव्हता. सासूबाईंनी राखणदाराला गाऱ्हाणे घातले. कोंबड्या फणसावरच राहिल्या आणि आठवडाभरात त्यातल्या दोन उदमांजराने नेल्या.

म्हणजे घराच्या लेखी नुकसान उदमांजराचे होते. बंदोबस्तही त्याचाच झाला: कोंबड्यांना हाकलून, धरून, रोज संध्याकाळी बळेच खुराड्यात कोंडायला सुरुवात झाली. इथून पुढे परिस्थिती झपाट्याने बिघडली. दिवसाला पंधरा-सोळा मिळणारी अंडी पाच-सहावर आली. तुरे फिके पडले. काकींनी जंताचे औषध दिले, मग पाण्यातून लिव्हर टॉनिक दिले. मानमोडीची लस आधीच झालेली होती. फरक पडला नाही.

त्याच सुमारास सासूबाईंच्या अंगाला खाज सुटली. हातावर, मानेवर, कमरेच्या पट्ट्यात बारीक लाल पुरळ. तालुक्याला दाखवले. खरजेचे मलम मिळाले, दोनदा लावून झाले. घरात दुसऱ्या कुणाला खाज नव्हती. त्या पडवीत, खुराड्याच्या भिंतीला लागून असलेल्या खाटेवर झोपत, ही गोष्ट डॉक्टरांना कुणी सांगितली नाही आणि त्यांनी विचारायचे काही कारणही नव्हते.

रवणीवर, म्हणजे अंडी उबवायला, बसवलेली एक गावठी कोंबडी पंधराव्या-सोळाव्या दिवशी टोपलीतच मेलेली आढळली. तिला पिशवीत घालून मुलगा माझ्याकडे आला, तेव्हा या प्रकरणाशी माझा संबंध आला.

निदान

कोंबडी उघडून पाहिली. जंत किरकोळ होते, आतड्यात रक्ती हगवणीची खूण नव्हती. यकृत, स्नायू, सगळेच फिके आणि रक्त पाण्यासारखे पातळ. आतून रक्तस्राव झालेला नसताना एवढे रक्त गेले कुठे, असा प्रश्न पडला की बाहेरून कोण पितो आहे ते पाहावे लागते.

गावाकडे कोंबडीच्या अंगावर किंवा खुराड्यात जे काही वळवळते त्या सगळ्याला पिसवा म्हणतात आणि सगळ्यावर एकच पावडर चोळतात. इलाज मात्र किड्यागणिक वेगळा आहे. उवा कायम पक्ष्याच्या अंगावर राहतात, पिसांच्या बुडाशी त्यांच्या अंड्यांचे पुंजके दिसतात. ऑर्निथोनिसस जातीचे माइट आपल्यासारख्या उष्ण भागात भरपूर सापडतात. तेही मुख्यतः अंगावरच असतात आणि भर दुपारी गुदद्वाराजवळची पिसे बाजूला केली की दिसतात. कोंबड्यांचा गोचीड, म्हणजे अर्गास, दिवसा फटीत लपतो आणि रात्री रक्त पितो, पण तो चपटा आणि चांगला मोठा असतो, डोळ्यांना सहज दिसतो. चौथा उमेदवार लाल माइट, डर्मॅनिसस गॅलिनी. त्याचीही चाल अर्गाससारखीच: दिवसा फटीत, रात्री कोंबडीवर, तासभर रक्त पिऊन परत फटीत. पण लांबी जेमतेम एक मिलिमीटर. उपाशी असताना राखाडी, पोट भरले की लाल.

दुपारी चार-पाच कोंबड्या धरून पाहिल्या. अंगावर जवळजवळ काहीच नव्हते. घरच्यांना यावरून वाटले की किड्यांचा प्रश्न निकालात निघाला. वास्तविक संशय पक्का झाला तो याच तपासणीमुळे.

मग रवणीची टोपली आणवली. वरचा पेंढा कोरडा आणि साधा दिसत होता. तो उचलल्यावर टोपलीच्या बुडाला, विणीच्या पट्ट्या जिथे एकमेकांवर येतात तिथे, राखेसारखा थर होता आणि तो थर हलत होता. पांढऱ्या कागदावर झटकून बोटाने रगडले तर रक्ताच्या रेघा उमटल्या. रात्री साडेनऊला काकींनी टॉर्च घेऊन दांडीच्या खालच्या बाजूने पांढरे फडके फिरवले आणि ते लालच झाले. शेडमधून आणलेल्या दांड्यांची टोके जिथे चिऱ्यात खोवली होती, तिथे सर्वाधिक. जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड, प्रत्येक चिऱ्यात शेकडो बिळे. लाल माइटला यापेक्षा चांगले घर कुणी मुद्दाम बांधून देऊ शकले नसते.

रवणीचीच कोंबडी आधी का मेली, याचा हिशेब सोपा आहे. एक माइट एका वेळी साधारण 0.2 मायक्रोलिटर रक्त घेतो. दहा हजार माइट म्हणजे 2 मिलिलिटर. सव्वा किलोच्या गावठी कोंबडीत रक्त असते ऐंशी-नव्वद मिलिलिटर. बाकीच्या कोंबड्या दिवसा बाहेर पडतात, धुळीत लोळतात, खातात, भरून काढतात. रवणीवरची कोंबडी एकवीस दिवस अंधाऱ्या टोपलीत जागची हलत नाही आणि खातेही कमी.

सासूबाईंची खाजही याच खात्यात गेली. हा माइट माणसाला चावतो, पण माणसाच्या अंगावर राहत नाही. म्हणून अंगाला मलम लावून खाज थांबत नव्हती.

पर्याय

सगळे विकून मोकळे व्हावे, हा मुलाचा पहिला विचार. फिक्या तुऱ्याच्या कोंबड्यांना सणालाही भाव मिळाला नसता. शिवाय खुराडे तसेच राहिले असते: लाल माइट थंड हवेत आठ-नऊ महिने उपाशी तग धरल्याच्या नोंदी आहेत. आपल्या उष्म्यात तो इतका टिकत नाही, पण महिनाभर खुराडे रिकामे ठेवून काम भागेल असे मी कुणाला सांगणार नाही.

दुसरा विचार आयव्हरमेक्टिनचा. शेळ्यांसाठी आणलेली बाटली घरात होती. ते औषध अंड्यात उतरते आणि इथली अंडी रोज विकली जात होती. शिवाय फटीतल्या माइटच्या अंड्यांना आणि पिल्लांना त्याने काहीच होत नाही. नाही म्हणून सांगितले.

खरा वाद झाला तो फवारणीच्या औषधावर. आंबेवाल्याच्या घरी औषधांची कमतरता नसते. मोहोरावरच्या तुडतुड्यांसाठी आणलेल्या औषधांच्या अर्ध्यामुर्ध्या बाटल्या पडवीच्या माळ्यावर होत्या. शेजारच्या एकाने भातासाठी आणलेले फिप्रोनिल देऊ केले आणि "एका हातात साफ" अशी खात्रीही दिली. माइट मरतात हे खरेच आहे. युरोपात 2017 साली नेमके हेच झाले: लाल माइटच्या बंदोबस्तासाठी वापरलेल्या औषधात फिप्रोनिल मिसळलेले निघाले, नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या अंड्यांत ते सापडले आणि अनेक देशांत लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली. अन्न देणाऱ्या जनावरांवर ते वापरायला तिथे बंदी आहे. हे सगळे मी मुलाला सांगितले. त्याला पटले ते वेगळ्या कारणाने. या अंड्यांचे गिऱ्हाईक म्हणजे आजूबाजूची पाच-सहा घरे, आणि तिथली पोरे ती अंडी खातात.

आंब्यावरच्या औषधांत डेल्टामेथ्रिनही होते आणि गोचिडांसाठी जनावरांच्या दुकानात मिळते तेही डेल्टामेथ्रिनच. मग घरातले का नको? बागेच्या औषधाची तीव्रता आणि त्यातले विद्रावक वेगळे असतात, आणि ज्या पंपाने वर्षभर चार प्रकारची औषधे मारली आहेत त्यात काय उरले आहे हे कुणीच सांगू शकत नाही. जनावरांसाठीची बाटली आणि नवा हातपंप, एवढा खर्च काकींनी मान्य केला.

सूनबाईंनी राख सुचवली. त्यात तथ्य आहे. राख काय किंवा सिलिकाची बारीक पूड काय, माइटच्या अंगावरचे मेणचट आवरण शोषून घेते आणि तो सुकून मरतो. पण हवेत ओल असली की ही पूड निकामी होते, आणि कोकणात भाद्रपदात कोरडी जागा शोधायची कुठे? राख दिवाळीनंतरसाठी राखून ठेवली, फक्त कोंबड्यांना लोळायला पत्र्याखाली एक खड्डा भरून दिला.

राहिला तो मेहनतीचा मार्ग: खुराडे रिकामे करायचे, सुटे होईल ते सुटे करायचे, उष्णतेने आणि औषधाने मारायचे, आणि ठरलेल्या अंतराने पुन्हा मारायचे.

काय केले

कोंबड्या गोठ्यामागच्या मांडवात हलवल्या. हे काम दुपारी करायचे, यावर मी अडून बसलो. रात्री झोपलेल्या कोंबड्या धरणे सोपे, म्हणून सगळे रात्रीच हलवतात, आणि रात्री माइट अंगावर असतात. म्हणजे त्यांचीही बदली आपणच करून देतो. दुपारी दमछाक झाली, दोन कोंबड्यांनी मुलाला शेताच्या बांधापर्यंत पळवले, पण नव्या जागेत माइट फार कमी गेले.

मांडवात बसायला लोखंडी पाइपचा स्टँड वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला. त्यावर रंधा मारलेल्या दोन लाकडी दांड्या, नुसत्या टेकवलेल्या, कधीही उचलता येतील अशा. स्टँडचे चारही पाय तेलाच्या डब्यांत. खाण्याच्या कपाटाला मुंग्या लागू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात, त्यातलाच प्रकार. डब्यांवर पत्र्याची झाकणे ठेवली, नाहीतर पिल्ले तेलात पडतात. आणि स्टँड भिंतीला, कुडाला, कशालाच टेकू द्यायचा नाही. एक काटकी जरी मध्ये आली तरी पूल तयार होतो.

शेडमधले खोके, दांड्या, टोपल्या आणि सगळा पेंढा त्याच दिवशी जाळला. खोके नुकतेच विकत घेतलेले, त्यामुळे मुलाच्या जिवावर आले. धुऊन वापरावेत का, हा प्रश्न त्याने दोनदा विचारला. खिळ्यांच्या आणि जोडांच्या फटी धुऊन निघत नाहीत.

खुराड्याच्या फळ्या काढून न्हाणीच्या चुलीवर तापवलेले उकळते पाणी त्यांवर ओतले. भिंतींवर प्लंबरच्या टॉर्चने ज्वाला फिरवली. पत्रा आणि फळ्या आधी काढलेल्या होत्या म्हणूनच हे करता आले, लाकूड किंवा पेंढा जवळ असताना ज्वाला वापरू नये. मग डेल्टामेथ्रिनची फवारणी, बाटलीवरच्या प्रमाणात, हातमोजे आणि तोंडाला फडके बांधून, रिकाम्या खुराड्यात. एक आठवड्याने दुसरी. अंतर मनाने ठरवलेले नव्हते. औषधाने माइटची अंडी मरत नाहीत. अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात आणि या हवेत आठवडा-दहा दिवसांत अंड्यापासून अंडी घालणारी मादी तयार होते. दुसरा हात त्या आधी पडला पाहिजे.

इथे एक गोष्ट उलटली. कोंबड्या हलवल्यावर दोन-तीन रात्रींत सासूबाईंची खाज दुप्पट झाली. रात्री खायला कुणी उरले नाही म्हटल्यावर भिंतीतले माइट पलीकडे, पडवीत आले. खाट माजघरात हलवली, अंथरूण-पांघरूण उकळत्या पाण्यात बुडवले, पडवीच्या बाजूने भिंतीतल्या चिऱ्यांमधल्या फटी सिमेंटने बुजवल्या. त्यानंतर चार-पाच दिवसांत खाज थांबली.

दुसऱ्या फवारणीनंतरही फडक्यावर रेघा उमटत होत्या. कमी, पण होत्या. दोन कारणे शक्य होती. एक, जांभ्याच्या खोल भोकांत ना ज्वाला पोचत होती ना औषध. दोन, हे माइट पोल्ट्री शेडमधून आले असतील तर त्यांनी डेल्टामेथ्रिनसारखी औषधे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेली असणार, आणि अशा माइटमध्ये या गटाच्या औषधांना दाद न देणारे निघतात. तिसऱ्यांदा तेच औषध वाढीव प्रमाणात मारावे, असा मुलाचा आग्रह होता. मी नको म्हटले. काकींनीच तोडगा काढला: पावसाळाभर खुराडे सोडून द्यायचे, कोंबड्या मांडवातच ठेवायच्या, आणि भिंतींना आतून गिलावा उन्हाळ्यात करायचा.

निष्पत्ती

मांडवात गेल्यावर कोंबड्या पहिल्याच आठवड्यापासून संध्याकाळी आपणहून स्टँडवर चढू लागल्या. तीनेक आठवड्यांत तुऱ्यांना रंग आला. अंडी पूर्वीइतकी व्हायला दिवाळी उजाडली, आणि त्यात पाऊस संपल्याचाही वाटा आहेच. आणखी एक कोंबडी दगावली, ती आधीपासूनच फार अशक्त होती. तिखट्या सणाचा मोका गेला. कोंबडे दिवाळीनंतर विकले, भाव थोडा कमी मिळाला. स्टँड, औषध, पंप, जाळी मिळून खर्च साडेतीन हजारांच्या घरात गेला. काकींच्या मते त्यात स्टँडचेच पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले.

दांड्यांच्या खाली खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याच्या गुंडाळ्या बांधून ठेवल्या होत्या. माइटना लपायला त्या आवडतात, त्यामुळे दर आठवड्याला उघडून पाहता येते आणि पाहून झाल्या की जाळता येतात. डिसेंबरपर्यंत त्या रिकाम्या निघाल्या. जानेवारीत एका गुंडाळीत चार-पाच माइट मिळाले. कारण सापडले: स्टँडच्या एका पायावर बाहेरची वेल चढली होती. वेल कापली, दांड्या उकळत्या पाण्याने धुतल्या, फवारणी केली नाही. मार्चमध्ये जुन्या खुराड्याला सिमेंटचा गिलावा आणि वर चुन्याचे दोन हात झाले.

वेगळे काय करता आले असते

कोंबड्या आत जाईनात, तेव्हाच रात्री एकदा फडके फिरवले असते तर पुढचा दीड महिना वाचला असता. मुलाने खुराडे नीट तपासले होते, पण दुपारी आणि सापाच्या मापाने. त्यापेक्षा महाग पडला तो नंतरचा निर्णय, कोंबड्यांना बळेच आत कोंडण्याचा. फणसावर उदमांजराने दोन नेल्या, पण बाकीच्यांचे रक्त तिथे शाबूत होते.

कामाचा क्रमही बदलता आला असता. खुराडे घराला लागून असेल तर आधी माणसांची अंथरुणे हलवावीत, घराच्या बाजूच्या फटी बुजवाव्यात, आणि मगच कोंबड्या काढाव्यात. आता मी हाच क्रम सांगतो.

फवारणीबद्दल माझे मत थोडे कडक आहे. या प्रकरणात पहिली फवारणी उपयोगी पडली, दुसरीने थोडे काम केले, आणि गिलावा आधी झाला असता तर कदाचित एकीवरच भागले असते. ऐन पावसात गिलावा वाळत नाही हे खरे, पण प्लास्टिकचा आडोसा करून निदान घराच्या बाजूची भिंत तरी उरकता आली असती.

जुन्या खोक्यांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. त्याच शेडमधून गावातल्या आणखी दोघांनी सामान नेले होते. एकाने ते जाळले. दुसऱ्याने धुऊन, उन्हात वाळवून ठेवले आहे आणि रवणीसाठी वापरायचे म्हणतो. त्याच्याकडे पुठ्ठ्याच्या दोन गुंडाळ्या ठेवून आलो आहे, पाऊस सुरू झाला की दर आठवड्याला उघडून पाहायच्या असे सांगून.